परदेशात भाषा-साहाय्यक म्हणून जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी माहिती व सूचना

पदवीचे प्रमाणपत्र हाती पडले की पुढे काय, हा प्रश्न इस्लापूर, किनवट, हिमायतनगर, भोकर या पट्ट्यातील प्रत्येक कुटुंबात विचारला जातो. शिक्षकभरतीची वाट पाहण्यात वर्षे जातात. अशा वेळी मोबाइलवर एखादा संदेश येतो : ‘परदेशात शिक्षकाची नोकरी, अनुभवाची अट नाही, त्वरित संपर्क साधा.’ अशा संदेशामागे कधी खरी संधी असते, तर पुष्कळदा सापळा असतो. दोन्हींतील फरक ओळखता यावा आणि खरी संधी मिळाल्यास ती नीट पार पाडता यावी, या हेतूने ही माहिती एकत्र केली आहे. आपल्या औरंगाबाद धर्मप्रांतातील तरुण-तरुणींनी, तसेच त्यांच्या आईवडिलांनी ती शांतपणे वाचावी व संग्रही ठेवावी.

१. भाषा-साहाय्यक म्हणजे कोण?

अनेक देशांत शाळा व विद्यापीठे परकीय भाषा शिकवताना नेमलेल्या शिक्षकाच्या जोडीला ती भाषा सहज बोलणारी तरुण व्यक्ती काही महिन्यांसाठी बोलावतात. व्याकरण, परीक्षा व गुण ही मुख्य शिक्षकाची जबाबदारी असते. विद्यार्थ्यांना बोलते करणे, उच्चार ऐकवणे, आपल्या देशाचे जीवन समजावून सांगणे हे साहाय्यकाचे काम असते. काही विद्यापीठांत मात्र प्राथमिक पातळीचा संपूर्ण वर्गही साहाय्यकाकडे सोपवला जातो.

आपल्याकडे ‘सहायक शिक्षक’ हे जिल्हा परिषद वा अनुदानित शाळेतील कायम पद असते. त्याच्याशी या पदाची गल्लत करू नये. भाषा-साहाय्यकाची नेमणूक सात ते नऊ महिन्यांची असते. तीतून परदेशात कायम नोकरी किंवा नागरिकत्व मिळत नाही. तो काळ येथील सेवेत धरला जाईल, असेही गृहीत धरू नये. ही शिकण्याची आणि शिकवण्याची मुदतबंद संधी आहे, एवढे ध्यानात घेतले तर पुढचे पुष्कळ अपेक्षाभंग टळतात.

२. परंपरा नवी नाही

एकाने आपली भाषा द्यावी व दुसऱ्याने ती नम्रपणे घ्यावी, हा व्यवहार मराठीला जुना आहे. इंग्लंडमध्ये जन्मलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले, येथील लोकांकडून त्यांची भाषा शिकले आणि १६१६ साली त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापून प्रसिद्ध झाले. त्यांचे कोंकणी व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० साली, छापले गेले. त्यांना शब्द, म्हणी आणि उच्चार पुरवणारे गावकरी कोण होते, त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. मात्र त्यांच्या साहाय्याविना हे कार्य झाले नसते.

पुढे कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात विल्यम कॅरी मराठी शिकवत असत. त्यांचे मराठी व्याकरण १८०५ साली व कोश १८१० साली प्रसिद्ध झाला. या कामी वैजनाथ शर्मा या पंडितांचे साहाय्य त्यांना लाभले. स्वतःच्या मुलखापासून शेकडो कोस दूर राहून परक्यांना मराठी शिकवणाऱ्या या पंडितांना आजच्या भाषा-साहाय्यकांचे पूर्वसूरी म्हणता येईल.

३. कोणत्या योजना आहेत?

अमेरिका. फुलब्राइट परकीय भाषा अध्यापन साहाय्यक योजना ही या क्षेत्रातील सर्वांत परिचित योजना होय. भारतात तिचे काम अमेरिका-भारत शैक्षणिक प्रतिष्ठान पाहते. उमेदवार पदवीधर असावा, त्याचे वय २१ ते २९ असावे, इंग्रजी उत्तम असावे व अध्यापनाची आवड किंवा प्रशिक्षण असावे, अशी साधारण अपेक्षा असते. नेमणूक एका शैक्षणिक वर्षाची, म्हणजे सुमारे नऊ महिन्यांची असते. आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम आणि त्यासोबत प्रत्येक सत्रात स्वतः दोन विषय शिकणे, अशी रचना आहे. त्यांपैकी एक विषय अमेरिकेच्या समाजजीवनाशी संबंधित निवडावा लागतो. निर्वाहभत्ता, विमानभाडे व आरोग्यविमा यांची सोय योजनेतून होते. कुटुंबीयांना सोबत नेण्याची तरतूद नाही.

येथे भाषेचा मुद्दा महत्त्वाचा आहे. भारतीय उमेदवारांनी कोणत्या भाषा शिकवायच्या, हे त्या त्या वर्षीच्या सूचनेत दिलेले असते. आजवर हिंदी, उर्दू, बंगाली, गुजराती, तेलुगू अशा भाषांना त्यांत स्थान मिळाले आहे. किनवट तालुका तेलंगणाच्या सीमेला लागून आहे. आपल्याकडे घरात तेलुगू, बाजारात हिंदी किंवा दखनी आणि शाळेत मराठी अशी मुले पुष्कळ आढळतात. ज्या गोष्टीचा आपण संकोच बाळगतो, तीच येथे पात्रता ठरू शकते. मात्र ती भाषा केवळ बोलता येऊन भागत नाही. शुद्ध वाचता-लिहिता आली पाहिजे आणि नियम समजावून सांगता आला पाहिजे.

या योजनेचा निधी अमेरिकन शासनाकडून येतो. २०२५ च्या आरंभी त्या निधीच्या वाटपात खंड पडला व परदेशी असलेल्या अनेक शिष्यवृत्तिधारकांना अडचण सोसावी लागली. म्हणून मागील वर्षीच्या माहितीवर विसंबून न राहता चालू वर्षाची अधिकृत सूचनाच प्रमाण मानावी. तसेच जून २०२५ पासून विद्यार्थी व विनिमय व्हिसाच्या अर्जदारांना आपली समाजमाध्यमांवरील खाती सर्वांना पाहता येतील अशी ठेवण्यास सांगण्यात आले आहे. तेथे आपण काय लिहितो, याचे भान अर्ज करण्याच्या पुष्कळ आधीपासून ठेवावे.

फ्रान्स. फ्रेंच शासन दरवर्षी अनेक देशांतील तरुणांना आपल्या शाळांत भाषा-साहाय्यक म्हणून बोलावते. भारतीय तरुणांना तेथे इंग्रजीचे साहाय्यक म्हणून जाता येते. नेमणूक १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल अशी सात महिन्यांची असून आठवड्याला १२ तास काम असते. फ्रेंच भाषेचे निदान मध्यम पातळीचे ज्ञान आवश्यक आहे. शाळा आपल्याला निवडता येत नाही. प्रदेशाची पसंती कळवता येते, परंतु नेमणूक मोठ्या शहरात होईल की आडगावी, हे तेथील शिक्षण खाते ठरवते.

स्पेनच्या शिक्षण मंत्रालयाचीही अशाच स्वरूपाची योजना आहे. त्या वर्षी कोणत्या देशांना किती जागा आहेत, हे वकिलातीच्या सूचनेत पाहावे.

मराठी. केंद्र शासनाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर केला. या दर्जामुळे परदेशात मराठी शिक्षकांची भरती सुरू झाली, असे कोणी सांगत असल्यास विश्वास ठेवू नये. अमेरिकेत शिकागो व पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांत मराठी शिकवली गेली आहे. बृहन्महाराष्ट्र मंडळाशी संलग्न मराठी शाळा उत्तर अमेरिकेतील अनेक गावांत चालतात. परंतु त्या बहुतांशी तेथेच स्थायिक झालेल्या पालकांनी सुटीच्या दिवशी सेवाभावाने चालवलेल्या आहेत. मॉरिशसमध्ये मराठी हा शालेय विषय आहे, पण तेथील शिक्षक सामान्यतः तेथलेच नागरिक असतात.

४. पूर्वतयारी कोठे करावी?

परकीय भाषा शिकण्यासाठी आपले विद्यार्थी सहसा पुण्याचा विचार करतात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागाची परंपरा निश्चितच मोठी आहे. परंतु इस्लापूर परिसराला पुण्यापेक्षा हैदराबाद जवळचे आहे. तेथील इंग्रजी व परकीय भाषा विद्यापीठाची मूळ संस्था १९५८ साली स्थापन झाली व २००७ साली तिला केंद्रीय विद्यापीठाचा दर्जा मिळाला. फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश इत्यादी भाषांचे अभ्यासक्रम तेथे आहेत. केंद्रीय विद्यापीठ असल्याने शुल्क खाजगी संस्थांच्या तुलनेत कमी असते, हेही पालकांनी लक्षात घ्यावे.

नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातून इंग्रजी, हिंदी किंवा उर्दू घेऊन पदवी मिळवणाऱ्यांनी अंतिम वर्षापासूनच तयारीला लागावे. या योजनांचे अर्ज प्रत्यक्ष जाण्याच्या अनेक महिने आधी भरावे लागतात. त्यासाठी दोन-तीन प्राध्यापकांची शिफारसपत्रे लागतात. ज्या प्राध्यापकाने आपल्याला वर्गात बोलताना ऐकले आहे, त्याचेच पत्र घ्यावे. मोठ्या पदावरील अनोळखी व्यक्तीच्या पत्राचा उपयोग होत नाही.

५. कागदपत्रे : येथेच बहुतेकांचे अडते

नाव. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव प्रथम, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे नाव असा क्रम असतो. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत संताचे नाव असते, शाळेत दुसरेच नाव घातलेले असते आणि आधार कार्डावर तिसरेच स्पेलिंग छापलेले असते. परदेशातील कार्यालयाला ही तीन वेगळी माणसे वाटतात. पासपोर्ट काढण्यापूर्वीच सर्व कागदांवरील नाव व जन्मतारीख जुळवून घ्यावी. आवश्यक तेथे महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावातील बदल प्रसिद्ध करावा.

जन्मदाखला. बाप्तिस्म्याचा दाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला हा जन्मदाखला नव्हे. फ्रान्समध्ये आरोग्यविम्याच्या नोंदणीसाठी आईवडिलांची नावे असलेला जन्मदाखला फ्रेंच भाषांतरासह मागितला जातो. घरी जन्मलेल्या अनेकांची जन्मनोंद ग्रामपंचायतीत झालेली नसते. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली. एका वर्षापेक्षा उशिरा होणाऱ्या नोंदणीसाठी आता जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा प्राधिकृत कार्यकारी दंडाधिकारी यांचा आदेश लागतो. २०२५ मध्ये राज्य शासनाने ही पद्धत आणखी काटेकोर केली. त्यामुळे या कामाला पुष्कळ वेळ लागू शकतो. व्हिसाच्या वेळी धावपळ करण्यापेक्षा आजच ग्रामपंचायतीत चौकशी करावी.

अपोस्टिल. परदेशी वापरण्याच्या मूळ कागदावर परराष्ट्र मंत्रालयाने लावलेली खरेपणाची मोहोर म्हणजे अपोस्टिल. भारतात ही पद्धत २००५ पासून लागू आहे. आधी राज्य शासनाच्या संबंधित विभागाचे साक्षांकन व त्यानंतर मंत्रालयाची मोहोर, असा क्रम असतो. मंत्रालयाचे शुल्क प्रत्येक कागदास ५० रुपये असून अधिकृत केंद्राचे सेवाशुल्क वेगळे असते. एका कागदासाठी कोणी हजारो रुपये मागत असेल, तर पैसे देण्यापूर्वी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर खात्री करावी.

पोलीस पडताळणी. मुलांसोबत काम करावयाचे असल्याने पोलिसांचा दाखला बहुतेक ठिकाणी लागतो. तो पासपोर्ट सेवेमार्फतच मिळतो.

व्हिसा. अमेरिकेला विनिमय कार्यक्रमाचा जे-१ व्हिसा लागतो. फुलब्राइटसारख्या शासकीय निधीच्या योजनेतून गेलेल्यांना मुदत संपल्यावर मायदेशी परतून दोन वर्षे राहण्याची अट असते. त्याआधी तेथील कामगार व्हिसा किंवा कायम वास्तव्य मिळत नाही. फ्रान्सला दीर्घ मुदतीचा व्हिसा लागतो. तेथे पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्याची ऑनलाइन नोंद पक्की करावी लागते. ही नोंद राहून गेल्यास वास्तव्य बेकायदा ठरते.

सर्व कागदांच्या दोन प्रती घरी ठेवाव्यात. त्यांत पासपोर्ट, व्हिसा, नेमणूकपत्र, राहण्याचा पत्ता, शाळेचा पत्ता व भारतीय वकिलातीचा क्रमांक असावा. आईवडील वाचू शकत नसल्यास एक प्रत धर्मग्रामाच्या धर्मगुरूंकडे देऊन ठेवावी.

६. पैशाचा हिशेब

फ्रान्समध्ये कपाती जाऊन हाती येणारी रक्कम अलीकडच्या वर्षांत दरमहा सुमारे ८०० युरो राहिली आहे. रुपयांत मोजल्यास ती मोठी वाटते. परंतु तेथील खोलीभाडे, प्रवास व जेवण युरोतच द्यावे लागते. काटकसरीने एका माणसाचा निर्वाह होतो. घरी दरमहा पैसे पाठवता येतील किंवा कर्ज फेडता येईल, अशी अपेक्षा कुटुंबाने ठेवू नये. हे आईवडिलांना आधीच स्पष्ट सांगणे हे मुलाचे कर्तव्य आहे.

पहिला पगार हाती येण्यास विलंब होऊ शकतो. रुजू होण्याच्या पहिल्याच दिवशी शाळेकडून रुजू झाल्याच्या कागदावर सही करून घ्यावी व बँक खात्याचा तपशील कार्यालयात द्यावा. या दोन कागदांवाचून पगार निघत नाही. खोली घेताना अनामत रक्कम द्यावी लागते. म्हणून दोन महिन्यांचा खर्च व अनामत एवढी रक्कम जवळ असावी. घरभाड्यासाठी तेथील शासनाचे साहाय्य मिळू शकते. त्यासाठी अर्ज लगेच करावा.

अमेरिकेत एप्रिलच्या मध्यापर्यंत कराचे विवरणपत्र भरावे लागते. उत्पन्न थोडे असले तरी विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाकडून याविषयी मार्गदर्शन घ्यावे.

या कामासाठी शेत गहाण टाकू नये, सावकाराकडे जाऊ नये, आईचे दागिने मोडू नयेत. सात महिन्यांच्या तात्पुरत्या नेमणुकीतून ते सोडवता येणार नाहीत.

७. फसवणूक कशी ओळखावी?

वर सांगितलेल्या शासकीय योजनांत दलालाला स्थान नाही. उमेदवार स्वतः अर्ज करतो, मुलाखत देतो आणि नेमणूकपत्र त्याच्याच नावे येते. ‘आतून जागा मिळवून देतो’ असे म्हणणारा मनुष्य खोटे बोलत असतो.

अन्य परदेशी नोकऱ्यांसाठी १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार नोंदणी झालेल्या संस्थेलाच माणसे पाठवता येतात. तिने घ्यावयाचे सेवाशुल्क कमाल ३०,००० रुपये व त्यावरील कर एवढेच असू शकते. नोंदणीकृत संस्थांची यादी शासनाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येते. पुढीलपैकी एकही लक्षण दिसल्यास व्यवहार थांबवावा :

• नोकरी शिक्षकाची, पण व्हिसा पर्यटनाचा. ‘तेथे गेल्यावर बदलून घेऊ’ असे आश्वासन.
• शाळेचे नाव, पत्ता व कामाचे तास नसलेले नेमणूकपत्र.
• रोख रक्कम किंवा खाजगी खात्यावर पैसे भरण्याचा आग्रह, आणि पावती नाही.
• मुलाखत न घेता निवड, आणि दोन-चार दिवसांत निघण्याची घाई.
• मूळ प्रमाणपत्रे किंवा पासपोर्ट ताब्यात घेण्याची मागणी.

हे इशारे केवळ सावधगिरीपोटी दिलेले नाहीत. थायलंडमधील चांगल्या पगाराच्या नोकरीचे आमिष दाखवून भारतीय तरुणांना म्यानमारच्या सीमाभागात नेले जाते व तेथे डांबून त्यांच्याकडून ऑनलाइन फसवणुकीची कामे करून घेतली जातात, असा इशारा परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये दिला होता. मार्च २०२५ मध्ये अशा ठिकाणांहून सुटलेल्या पाचशेहून अधिक भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणावे लागले. त्यांतील अनेक जण शिकलेले होते. शिक्षण असले म्हणजे माणूस फसत नाही, या भ्रमात कोणी राहू नये.

परदेशात अडचण आल्यास भारतीय वकिलातीशी संपर्क साधावा. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ या संकेतस्थळावर कुटुंबीयांनाही येथून तक्रार नोंदवता येते. घरची अब्रू जाईल या भीतीने गप्प बसू नये. फसवणूक झालेल्याची अब्रू जात नाही, ती फसवणाऱ्याची जाते.

८. श्रद्धाजीवन व ख्रिस्तसभेचे नियम

तेथील धर्मग्राम आपलेच. एखाद्या धर्मग्रामात तीन महिने राहण्याच्या उद्देशाने गेलेली किंवा प्रत्यक्ष तीन महिने राहिलेली व्यक्ती तेथील तात्पुरती रहिवासी ठरते आणि तेथील धर्मगुरू हे तिचे स्वतःचे धर्मगुरू होतात. ख्रिस्तसभेच्या कायद्यातील कलम १०२ व १०७ मध्ये हे स्पष्ट केले आहे. म्हणजे आपण तेथे पाहुणे किंवा याचक नसतो. पोहोचल्यावर पहिल्या पंधरवड्यात धर्मगुरूंना भेटून आपली ओळख द्यावी. त्यासाठी येथील धर्मगुरूंचे पत्र आणि नुकताच काढलेला बाप्तिस्म्याचा दाखला सोबत न्यावा.

रविवारची मिस्सा. फ्रान्सच्या ग्रामीण भागात एका धर्मगुरूकडे अनेक गावे असतात व प्रत्येक गावात दर रविवारी मिस्सा होतेच असे नाही. आपल्या खेड्यापाड्यांना हे नवीन नाही. मिस्साबलीची वेळ आधी विचारून घ्यावी, शेजारच्या गावी जाणाऱ्या एखाद्या कुटुंबासोबत जावे. अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत कॅथलिक विद्यार्थ्यांसाठी ‘न्यूमन सेंटर’ असते. ज्यांच्या नावाने ही केंद्रे चालतात, त्या कार्डिनल न्यूमन यांना २०१९ साली संतपद व २०२५ साली ख्रिस्तसभेच्या आचार्यांचे पद देण्यात आले. एकटेपणावर तेथील सहवासासारखे औषध नाही.

गळ्यातील क्रूस. हा प्रश्न फ्रान्सला जाणाऱ्यांना हमखास पडतो. तेथे १९०५ च्या कायद्याने शासन व धर्मसंस्था वेगळ्या झाल्या आहेत. सरकारी शाळेतील प्रत्येक कर्मचाऱ्याने कामावर असताना धर्माच्या बाबतीत तटस्थ राहावे, असा दंडक आहे. विद्यार्थ्यांनाही २००४ च्या कायद्याने ठळक धर्मचिन्हे वापरण्यास मनाई झाली. भाषा-साहाय्यक हा शाळेचा कर्मचारी असतो. त्यामुळे क्रूस किंवा रोझरी दिसेल अशी घालता येत नाही. यात श्रद्धेचा त्याग नाही. हा नियम सर्व धर्मीयांना सारखाच लागू आहे आणि तो स्वीकारूनच आपण नेमणूक घेतलेली असते. क्रूस कपड्यांच्या आत असावा आणि तो वागण्यातून दिसावा. शाळेबाहेर आपण पूर्णपणे मोकळे आहोत.

विवाह. परदेशातील वास्तव्यात विवाह ठरल्यास केवळ तेथील नगरपालिकेत नोंद केल्याने कॅथलिक व्यक्तीचा विवाह ख्रिस्तसभेच्या दृष्टीने वैध ठरत नाही. विवाहास मोकळे असल्याचा दाखला येथील धर्मग्रामातून लागतो. जोडीदार अन्य पंथाचा असल्यास बिशपांची अनुमती व अन्य धर्माचा असल्यास विशेष सूट घ्यावी लागते. यासाठी निदान काही महिने आधी पत्रव्यवहार सुरू करावा.

मन:स्वास्थ्य. युरोपात नोव्हेंबरपासून दुपारी पाचलाच अंधार पडू लागतो. मराठवाड्याच्या उन्हात वाढलेल्या माणसाला तो काळ जड जातो. झोप न लागणे, जेवण न जाणे, सतत रडू येणे असे आठवडाभराहून अधिक चालल्यास डॉक्टरांना भेटावे. प्रार्थना करावी आणि औषधही घ्यावे. एक केले म्हणजे दुसरे नको, असे नाही.

९. वर्गात काय शिकवावे?

निघताना सामानात लोणच्याच्या बरणीसोबत काही साध्या वस्तू घ्याव्यात : भिंतीवरची दिनदर्शिका, एस. टी. चे तिकीट, नाणी, आठवडी बाजाराची छायाचित्रे, एखादी लग्नपत्रिका, पैनगंगेवरील सहस्रकुंड धबधब्याचे चित्र. एका तिकिटावरून गावाचे नाव, अंतर, भाडे, वेळ असा तासाभराचा पाठ होऊ शकतो. आपल्या देशाविषयी मुले भाबडे किंवा बोचरे प्रश्न विचारतात. गरिबी, जात, हत्ती, साप यांवरचे प्रश्न येणारच. रागावू नये, आणि खोटे गोडही बोलू नये. जे ठाऊक आहे ते सांगावे.

मुख्य शिक्षकाच्या अनुपस्थितीत संपूर्ण वर्ग सांभाळण्याची जबाबदारी कोणी टाकल्यास नेमणूकपत्रातील कामाची व्याख्या नम्रपणे दाखवावी. विद्यार्थ्यांशी खाजगी संदेशांची देवाणघेवाण करू नये. कोणत्याही बालकासोबत बंद खोलीत एकट्याने थांबू नये. लहानांच्या सुरक्षिततेविषयी ख्रिस्तसभेने अलीकडच्या काळात कठोर नियम केले आहेत. आपल्या तरुणांनी ते शाळेतही पाळावेत.

१०. परत आल्यावर

परत येणे म्हणजे अपयश, अशी समजूत आपल्या समाजात आहे. या पदाच्या बाबतीत ती चुकीची आहे, कारण परत येणे हा या योजनेचाच भाग आहे. आणि परतणाऱ्याची आपल्या भागाला खरी गरज आहे.

किनवट तालुक्यातील पहिलीच्या वर्गाकडे पाहावे. एखाद्या मुलाच्या घरी गोंडी बोलतात, दुसऱ्याच्या घरी कोलामी, तिसऱ्याच्या तांड्यावर गोरमाटी, तर चौथ्याकडे तेलुगू. शाळेत मात्र पहिल्या दिवसापासून पुस्तकी मराठी सुरू होते. त्या मुलासाठी मराठी ही परकीय भाषाच असते. फळ्यावरचे कळत नाही म्हणून ते गप्प राहते, गप्प राहते म्हणून मंद ठरते आणि काही वर्षांत शाळा सोडते. ज्याने परक्या देशात, आपली भाषा मुळीच न समजणाऱ्या मुलांना हातवारे, चित्रे व वस्तूंच्या आधारे बोलते केले आहे, त्याला या मुलाचे मौन इतरांपेक्षा लवकर उमगेल. ज्याने स्वतः बँकेत, दवाखान्यात, दुकानात शब्द न सुचल्यामुळे मान खाली घातली आहे, तो या मुलाला मंद म्हणणार नाही.

तेव्हा परतलेल्यांनी आपला अनुभव प्रमाणपत्राच्या चौकटीत बंद करून ठेवू नये. धर्मग्रामाच्या सुटीतील वर्गांत, वसतिगृहांत, मिशनच्या शाळांत त्याचा उपयोग करावा. पुढच्या उमेदवारांना अर्ज भरण्यास मदत करावी आणि दलालांविषयी गावाला सावध करावे. जाण्यापूर्वी गोंडी किंवा गोरमाटीतील शंभर शब्द स्वतः शिकून पाहावेत, अशी आणखी एक सूचना आहे. दुसऱ्याची भाषा शिकण्याचे कष्ट ज्याने केले नाहीत, त्याने आपली भाषा शिकवायला बाहेर पडू नये.

पेन्टेकॉस्तच्या दिवशी पवित्र आत्म्याने लोकांच्या भाषा पुसून एक केली नाही, प्रत्येकाला आपल्याच भाषेत शुभवार्ता ऐकू आली. भाषा शिकवणाऱ्याने हे वरदान स्मरणात ठेवावे. जे निघाले आहेत त्यांचे कागद पूर्ण असोत, मन खंबीर असो आणि परतीची वाट मोकळी असो. प्रभू येशू त्यांची व त्यांची वाट पाहणाऱ्या आईवडिलांची सोबत करो, ही प्रार्थना.